सापडले

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी मागायचं असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. मागायचंच आहे. तुझं थिएटर दोन दिवस सकाळच्या खेळाला हवंय.

सध्या एका तपासपटाचं संकलन माझ्या टेबलावर आहे. त्यात एका बाईचा नवरा कामावरून परत येत नाही. ती रोज चौकीत जाऊन बाकावर बसते. एक इन्स्पेक्टर आहे, अर्धा म्हातारा, बूट झिजलेले, वरिष्ठांना नकोसा झालेला. तो शोध घेत राहतो. नवऱ्याने कारखान्यात काहीतरी पाहिलेलं असतं, त्यामुळे मोठमोठी माणसं आडवी येतात. हो, नवरा बेपत्ता. दादाचा आणि या गोष्टीचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू भुवई उंचावायला नकोस.

भांडण आहे ते शेवटावरून. दिग्दर्शकाने काळा शेवट घेतलाय. नवरा मेलेला सापडतो आणि पडदा काळा होतो. निर्मात्यांनी हट्टाने दुसराही चित्रित करून घेतलाय, त्यात नवरा जिवंत निघतो. इस्पितळात, डोक्याला पट्टी. कुठला लावायचा ते साध्या प्रेक्षकांसमोर दोन्ही दाखवून ठरवू, असं शेवटी कबूल झालंय. साधे प्रेक्षक कुठे मिळतील म्हटल्यावर मी तुझं नाव घेतलं. मला काळा शेवट हवाय. मी हा सिनेमा पहिल्या दृश्यापासून त्या काळ्या पडद्याकडे नेत आणलाय. तिथे पट्टी बांधलेला नवरा चिकटवायचा म्हणजे माझ्या वर्षभराच्या कामावर बोळा फिरवणं.

तुझी बारकी माझ्याकडे मजेत आहे. पोरगी तयार झालीय, आवाजाचं काम तर माझ्याहून बरं करते. एकच तक्रार. इस्त्रीला हात लावत नाही. निर्मात्यांसमोर चुरगळलेला शर्ट घालून बसते. परवा म्हटलं, दे इकडे, मी फिरवते, तर खोलीतून उठून गेली. हे वळण तुझ्याकडचं की आमच्याकडचं?

तुझी,
कात्री


१५ फेब्रुवारी

कात्री,

थिएटर तुझंच आहे. सकाळी तसंही तिथे कबुतरं आणि मी, एवढीच गर्दी असते.

पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि मनात माझी वाक्यं कापत असतेस. तुझ्या दादाने हे नाव उगीच नाही ठेवलं. लहानपणी तू वर्तमानपत्रातली माणसं कापून दुसऱ्याच बातमीत चिकटवायचीस, हे तो मला लग्न ठरल्यावर पहिल्या भेटीत सांगत होता. मी म्हटलं, या घरात जपून राहावं लागणार.

आणि माझी भुवई तिच्या जागी आहे. तपासपटातल्या निम्म्या बायकांचे नवरे बेपत्ता असतात. प्रत्येक वेळी मी डोळ्याला रुमाल लावत बसले असते तर बाबांचं थिएटर इतकी वर्षं चालवलं असतं का? चौदा वर्षं झाली त्याला. कालव्याचे दरवाजे बघायला म्हणून पुरात गेलेला माणूस, त्यात कुणी खुनी नाही, कट नाही, पाणी होतं. तुझ्या दिग्दर्शकाला असली गोष्ट चालली नसती.

वाईट शेवटाला माझा विरोध नाही. माझ्या लोकांचाही नाही, तुझे निर्माते समजतात तेवढे ते हळवे नाहीत. आमचे निवृत्त हेडमास्तर प्रत्येक तपासपटाला येतात आणि मध्यंतरापर्यंत खुनी कोण ते मोठ्याने जाहीर करतात. त्यांचं चुकलं की तो शेवट वाईट, बरोबर आलं की चांगला. औषधाच्या दुकानातल्या बाई मात्र म्हणतात, शेवटी सगळे मेले तरी चालतील, पण का मेले ते कळू द्या. मला ते पटतं.

मी एवढंच शिकलेय की शेवटापेक्षा दिवे महत्त्वाचे. गोड शेवट असला की दिवे फटकन लावले तरी चालतात, लोक आधीच उभे राहिलेले असतात, एक पाय बाहेर. वाईट शेवटाला आमचा ऑपरेटर आधी भिंतीकडचे मंद दिवे लावतो, मग थांबतो, मग मधले. माणसांना तोंड पुसायला आणि चपला शोधायला वेळ लागतो. नवा डोअरकीपर एकदा सगळे दिवे एकदम लावून बसला होता. शिंपी बाई आणि तिची मुलगी रडताना सगळ्यांच्या समोर आल्या. त्या दोघी महिनाभर फिरकल्या नाहीत. अपमान वाटला असणार, आणि तो सिनेमाने नाही, आम्ही केला.

नवरा मरतो एवढं कळलं, पण तो शेवट कसा येतो ते मला आधी सांगू नकोस. मीही हेडमास्तरांसारखी ओळखायचा प्रयत्न करीन.

इस्त्रीचं वळण कुणाकडचंच नाही. पोरगी पहिल्यापासून तशीच. शाळेत चुरगळलेली जायची, मी चार वेळा बोलले आणि नाद सोडला. तिला म्हणावं, आईची आठवण काढ कधीतरी. गेल्या वर्षी ती एकदाच आली होती, तेही पडद्याचा आवाज तपासायला.

तुझी,
वहिनी


२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

एक तारखेला काळा शेवट, दोन तारखेला गोड. दिग्दर्शक येणार नाही, त्याला घाम फुटतो. निर्मात्यांचा एक माणूस मागे बसून लोकांकडे बघेल. मीही येत नाहीये. मी समोर असले की तू लोकांना सांगशील, माझ्या नणंदेचा सिनेमा आहे, नीट बघा.

एक विनंती. पहिल्या दिवशी तू आत बसू नकोस. गल्ल्यावर बस, हिशेब कर, कबुतरं हाकल. लोक काय म्हणतात ते बाहेर आल्यावर ऐक. मला तुझं नाही, त्यांचं मत हवंय. तुझं नंतर घेईनच.

आत बसू नकोस, हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं. तरी राहू देते.

बारकी येणार होती, पण आता नको म्हणतेय. आवाजाचं काम राहिलंय म्हणे. काम संपलंय, मला माहीत आहे.

तुझी,
कात्री


४ मार्च

कात्री,

"आत बसू नकोस" असं लिहिल्यावर कुठली बाई बाहेर बसेल? मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले, खांबाच्या बाजूला.

आधी लोकांचं सांगते, ते तुझं काम आहे. हेडमास्तरांनी मध्यंतरात कारखान्याच्या मॅनेजरचं नाव घेतलं, ते बरोबर निघालं. तरी बाहेर आल्यावर चष्मा पुसत उभे होते. मी विचारलं, "काय सर, ओळखलंत ना?" तर म्हणाले, "ओळखून काय उपयोग झाला?" औषधवाल्या बाई ऑपरेटरला म्हणाल्या, इन्स्पेक्टर पळपुटा निघाला. एक तरुण जोडपं जिन्यावर भांडत होतं, ती म्हणत होती सांगायला हवं होतं, तो म्हणत होता कसं सांगणार. दुसऱ्या दिवशी गोड शेवटाला टाळ्या पडल्या. मोठ्या टाळ्या, खोटं सांगत नाही. शिंपी बाईंनी तर पट्टीवाल्या नवऱ्याला आशीर्वाद दिला. मग सगळे कुठे खायचं ते ठरवत बाहेर पडले. सिनेमाबद्दल जिन्यापर्यंतही कुणी बोललं नाही. निर्मात्यांच्या माणसाने टाळ्या लिहून घेतल्या. जिना लिहून घेतला असेल असं वाटत नाही.

आता माझं.

इन्स्पेक्टर दारात उभा राहतो आणि म्हणतो, "सापडले." तेवढंच. तिला वाटतं, जिवंत सापडले. ती म्हणते, "मग घेऊन या की, असे उभे काय राहिलात?" आणि आत जाऊन त्याचा निळा शर्ट काढते आणि इस्त्री तापवायला ठेवते, कारण माणूस इतक्या दिवसांनी घरी येणार, अंगावरचे कपडे कसे असतील कुणास ठाऊक. इन्स्पेक्टर बघत राहतो. मग पाय न वाजवता मागे सरतो आणि जिना उतरतो. ती इस्त्री करतेय. काळा पडदा.

कात्री, बेपत्ता नवरा कुणाचाही असू शकतो. पण निळा शर्ट माझा आहे. "असे उभे काय राहिलात" हे माझं वाक्य आहे, शब्दाला शब्द.

मला पहिल्यांदा तुझा राग आला. मग मी हेडमास्तरांसारखी बसून विचार केला. तू त्या दिवशी इथे नव्हतीस. तुझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, स्टेशनवर माझा भाऊ गेला होता. तुला सगळ्यांनी एवढंच सांगितलं की हवालदार आले आणि निरोप दिला. इस्त्रीचं मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्या भावालाही नाही, लाज वाटायची. मेलेल्या माणसाच्या शर्टाला मी पाणी मारत होते, हे कुणाला सांगणार? हवालदार साहेब जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ते असलं काही बाहेर बोलणारे नव्हते.

मग उरलं कोण? मी समजत होते की ती शेजारी खेळायला गेलीय. ती सहा वर्षांची होती. घरात त्या वेळी तिसरं कुणी असेल तर तीच. आणि चौदा वर्षांत इस्त्रीला हात न लावणारीही तीच.

बरोबर ओळखलं का? मध्यंतरापर्यंत नाही जमलं, पण शेवटाला जमलं.

तुझी,
वहिनी


८ मार्च

वहिनी,

बरोबर.

दिग्दर्शकाकडे शेवट नव्हता. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघे एडिटिंगच्या खोलीत चहा घेत बसलो होतो, तो डोकं धरून. बारकी वायरी गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळताच म्हणाली, "तो फक्त सापडले म्हणतो. ती इस्त्री लावते. तो निघून जातो." दिग्दर्शक उभाच राहिला. तो म्हणाला, अख्खा सिनेमा सत्याच्या मागे धावणारा माणूस, आणि ते हातात आल्यावर दारापासून खोलीपर्यंत त्याला नेता येत नाही. हेच हवं होतं. मलाही तेच हवं होतं. मी तिला म्हटलं, कुठून सुचतं गं तुला? ती म्हणाली, असंच.

मी विचारलं नाही. चित्रीकरण होऊन दृश्य टेबलावर आलं, तिला इन्स्पेक्टरच्या पावलांचा आवाज लावायचा होता. तिने तो लावलाच नाही. म्हणाली, त्याचा आवाज आला नव्हता. "आला नव्हता," असं म्हणाली, "येणार नाही" असं नाही. तेव्हा मला कळलं. म्हणून तुला आत बसू नकोस म्हटलं. आधीच सरळ सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तू थिएटर दिलं नसतंस, असं मनात आलं. तू दिलं असतंस, हेही माहीत होतं.

तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं. वाचून ती खाली रस्त्यावर फेऱ्या मारून आली, मग बोलली. ती स्वयंपाकघराच्या पडद्यामागे होती. हवालदारांनी टोपी काढली ते तिने पाहिलं. तू इस्त्री लावलीस ते पाहिलं. मग पुढचं दार रिकामं दिसलं, आणि तेवढ्यात शेजारच्या बाईंनी मागच्या दाराने येऊन तिला उचललं. फाटकाजवळ दुसरा पोलीस होता, त्याने त्या बाईंना सगळं सांगितलं. तिच्या डोक्यावरून, जणू तिला कान नव्हते. म्हणजे तुझ्या आधी तिला कळलं. त्यांच्याकडे तिला ताटावर बसवलं तेव्हा ती विचारत होती, आईला कोण सांगणार? त्या म्हणाल्या, तू जेव आधी.

तिच्या लेखी हवालदार तसेच निघून गेले. आणि तू एकटी इस्त्री करत राहिलीस. नंतर तुला कुणी, कधी, कसं सांगितलं, हे तिने आजपर्यंत विचारलेलं नाही. ती मला म्हणाली, "आत्या, तो काळा पडदा मी बनवलेला नाही. माझ्याकडे पुढचं नाहीच."

निर्मात्यांचा निरोप आलाय. टाळ्यांचा कागद टेबलावर ठेवून म्हणाले, पंधरा दिवसांत सिनेमा पक्का करायचा, पट्टीवाला नवरा लावून. तू सांगशील तर मी काळ्या शेवटासाठी भांडणार नाही. तुझं आहे ते. नको म्हण, मी कापून टाकते.

तुझी,
कात्री


१३ मार्च

कात्री,

हे पत्र दोघींनी एकत्र वाचा. तू वाच मोठ्याने, तिला वाचायला देऊ नकोस. तिने नुसतं ऐकावं.

बारके, हवालदार गेले नाहीत.

ते दारात उभे राहिले हे खरं. टोपी हातात घेऊन उभे होते, आणि मी आतून बडबडत होते. बाही ओली करून मी इस्त्री टेकवली, वाफ आली. मग ते आत आले. पाय वाजले नाहीत, कारण त्यांनी बूट बाहेर काढले होते, चिखलाचे होते ते. तुला पडद्यामागून आवाज आला नाही तो त्यामुळे. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, आधी इस्त्री बंद करा."

त्या एका वाक्यात मला सगळं कळलं. कसं ते विचारू नका. मी नुसती उभी राहिले. मग त्यांनीच वाकून प्लग काढला. इस्त्री उभी करून ठेवली, शर्ट जळू नये म्हणून. कपड्यांचं टोपलं असायचं त्या बुटक्या स्टुलावरून टोपलं खाली ठेवून ते त्यावर बसले. एवढा आडवा माणूस, गुडघे छातीला लागले. मला म्हणाले, बसा. मी जमिनीवर बसले. मग त्यांनी सांगितलं, कालव्यात कुठे, कसे, कोणी पाहिलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. मी विचारलं, त्याला त्रास झाला असेल का? ते म्हणाले, "मला माहीत नाही." खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं त्या वेळी, पण मग मी त्यांच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवला नसता.

माझा भाऊ येईपर्यंत ते तिथून उठले नाहीत. मध्ये मी ओरडले, मध्ये मी गप्प बसले, मध्ये मी त्यांना चहा घेणार का विचारलं. ते म्हणाले, नको, असू द्या. तू कुठे आहेस तेही त्यांनीच विचारलं, आणि मी म्हटलं, शेजारी खेळतेय. मला तेच माहीत होतं, बाळा. तुला ऐकायला मिळालं असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. संध्याकाळी तू घरी आलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस, ते मला आठवतं. मला वाटलं, हिला कसं सांगू. तूही तोच विचार करत होतीस.

शर्टाची एक बाही झाली होती, एक राहिली. तो शर्ट मी पुढे ऑपरेटरला देऊन टाकला. तो घालून यायचा, आणि मला त्याचं बरं वाटायचं.

आता सिनेमाचं, कात्री. कापू नकोस. पट्टीवाल्या नवऱ्याला घरी पाठव. तपासपटात शोधायलाच सगळा वेळ जातो, आणि सापडलं की लोक म्हणतात संपलं. सापडणं आणि सांगणं वेगळं असतं, हे मला तुमच्या कुठल्याच सिनेमाने दाखवलं नाही. मेलेला माणूस मेलेलाच राहू दे, त्यावर माझी तक्रार नाही. माझं भांडण त्या इन्स्पेक्टरशी आहे. त्याला जिना उतरू देऊ नका. औषधवाल्या बाई बरोबर म्हणाल्या. हेडमास्तरांचं "काय उपयोग झाला" त्यालाही तेच उत्तर आहे, कोणीतरी येऊन बसलं, हा उपयोग.

माझं आहे म्हणून घेऊ नका. सिनेमाला शोभत असेल तरच घ्या. पण शोभेल, मी हजारो शेवट पाहिलेत.

वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. बूट बाहेर काढले होते, तिथपर्यंत आल्यावर बारकी म्हणाली, "थांब." मग म्हणाली, "परत वाच." तेवढंच वाक्य मला चार वेळा वाचायला लावलं. बाकीचं पत्र तिने एकदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती दिग्दर्शकाकडे एकटी गेली. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाली. काय बोलली ते मला त्याच्याकडून कळलं. तिने सांगितलं की मी तुम्हाला अर्धा शेवट दिला होता, कारण माझ्याकडे अर्धाच होता. उरलेला आता आलाय. त्याने आधी हात झटकले. म्हणाला, पळून जाणारा इन्स्पेक्टर हीच माझी गोष्ट आहे, बसला की ती गुळमुळीत होते. ती म्हणाली, "पळणं सोपं आहे, आम्ही सगळ्यांनी केलंय. बसून दाखवा ना." तो म्हणे दिवसभर तिच्यावर चिडला होता, आणि संध्याकाळी त्याने इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या नटाला फोन लावला.

चित्रीकरण झालं. नटाला स्टूल मुद्दाम बुटकं दिलं. गुडघे छातीशी आले तसा तो हसला, मग हसायचा थांबला. निर्माते आले होते, घड्याळ बघत. दृश्य संपल्यावर म्हणाले, "म्हणजे सिनेमा इस्त्रीवर संपतो?" दिग्दर्शक म्हणाला, हो. ते बराच वेळ स्टुलाकडे बघत होते. मग म्हणाले, माझ्या आईला डॉक्टरांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं होतं. पट्टीवाल्या नवऱ्याचं नाव त्यानंतर कुणी काढलेलं नाही.

काळा पडदा राहिला आहे. त्यावर बारकीने आवाज लावलाय, इस्त्री गार होत जाते तेव्हा आतून टिक टिक येतं ना, तो. एक, मग उशिरा दुसरा, मग त्याहून उशिरा तिसरा. त्यासाठी इस्त्री लागणार होती. बाजारातून मी आणते म्हटलं. ती स्वतः जाऊन घेऊन आली, आणि माइक लावून तिच्याजवळ बसून राहिली.

पहिला खेळ तुझ्याकडेच लावायचा, असं सगळ्यांचं ठरलंय. सिनेमा घेऊन ती येईल. मी या वेळीही येत नाही. तुम्ही दोघी बघा.

तुझी,
कात्री


१९ मे

कात्री,

काल खेळ झाला. थिएटर भरलं होतं. हेडमास्तरांना मी दारातच बजावलं, मॅनेजरचं नाव काढलंत तर पुढच्या महिन्यात आत घेणार नाही. त्यांनी तोंडावर हात ठेवून दाखवला.

मी आणि बारकी खांबाजवळ बसलो. शेवट आला. इन्स्पेक्टरने बूट काढले तेव्हा तिने माझा हात धरला नाही, काही नाही, आपली समोर बघत होती. पण श्वास सोडला तो मला ऐकू आला. "वहिनी, आधी इस्त्री बंद करा," असं तो म्हणाला. मग काळं. मग तुमची टिक टिक. ऑपरेटरने खिडकीतून डोकं काढून मला खूण केली, दिवे लावू का? मी मान हलवली, थांब. शेवटची टिक झाली, तरी थांब. मग भिंतीकडचे लावले. लोक बसून होते. औषधवाल्या बाई चपला शोधायच्या आधी शेजारच्या अनोळखी बाईला विचारत होत्या, "तुम्ही बऱ्या आहात ना?" मधले दिवे त्या विचारून झाल्यावर लागले.

हेडमास्तर जाताना म्हणाले, "आज मी कोणालाच ओळखलं नाही." मला वाटतं ते खूश होते.

बारकी दोन दिवसांपासून इथेच आहे. आज सकाळी मी गल्ल्याचा गठ्ठा बांधत होते तर आतून वाफेचा वास आला. जाऊन पाहिलं. उभी राहून स्वतःचा शर्ट करत होती, जीभ दातात धरून, लहानपणी चित्र रंगवायची तशी. कॉलर वाकडी झाली होती, मी बोलले नाही. स्टुलावरचं टोपलं उचलून खाली ठेवलं आणि बसले. तिने पाहिलं मी कुठे बसले ते, आणि काम चालू ठेवलं. बराच वेळ लावला तिने.

मग मी विचारलं, "दोन्ही बाह्या झाल्या?"

म्हणाली, "झाल्या."

"मग बंद कर," मी म्हटलं. "आणि ये, बस."

तुझी,
वहिनी